मंडळीत राहायचे आहे, पण विश्वास उरलेला नाही: नाशिकच्या ख्रिस्ती घरांतील अश्रद्धांसाठी काही सूचना

ज्यांचा जन्म नाशिकच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला, बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, बालपण शब्बाथ शाळेत (मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गात) वचने पाठ करण्यात आणि नाताळच्या नाटकात मेंढपाळाचे फेटे बांधण्यात गेले, आणि ज्यांच्या मनात आता देवावरचा विश्वास राहिलेला नाही, अशा स्त्री-पुरुषांसाठी हे टिपण आहे. शरणपूर, त्र्यंबक नाका, नाशिकरोड किंवा देवळाली येथील आपले घर, आपली माणसे आणि आपली ओळख त्यांना सोडायची नाही, असे यात गृहीत धरले आहे. सगळे मागे टाकून दुसऱ्या शहरात निघून जाणाऱ्याला यातील बऱ्याच सूचनांची गरज पडणार नाही, कारण तेथे कोणत्या रविवारी तो कोठे होता हे विचारणारे कोणी नसते.

सर्व सूचनांच्या मुळाशी एकच भेद आहे, आणि तो आधी स्वतःशी स्पष्ट करून घ्यावा. मंडळीला, म्हणजे आपल्या चर्चच्या समुदायाला, आपली उपस्थिती देता येते, श्रम देता येतात, पैसाही देता येतो. जी गोष्ट मनाला पटत नाही तिची कबुली मात्र तोंडाने देऊ नये. हा भेद ज्याने पक्का केला त्याला पुढचे बहुतेक निर्णय सोपे जातात, आणि ज्याने तो केला नाही तो एक तर दर रविवारी खोटे बोलतो किंवा दर रविवारी भांडतो.

आपली माणसे का दुखावतात

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे राज्याच्या एक टक्क्याहूनही थोडी कमी होती. इतक्या लहान समाजात चर्च हे केवळ उपासनेचे ठिकाण राहत नाही. सोयरीक तेथे जुळते, नोकरीची शिफारस तेथे होते, आजारपणात डबा तेथून येतो आणि शेवटची माती देणारी माणसेही तेथीलच असतात. त्यामुळे ‘माझा विश्वास नाही’ हे वाक्य बोलणाऱ्याला एक विचार वाटते, तर ऐकणाऱ्याला ते ‘मी तुमच्यातून निघालो’ असे ऐकू येते.

यामागे इतिहासही आहे. चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वसवलेले शरणपूर ही, घरादाराने नाकारलेल्यांना आणि अनाथांना आसरा देणारी वसाहत होती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलेही तेथे शिकली. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा नाशिकजवळच्या जलालपूरच्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा संसार काही वर्षे तुटला आणि त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. तितके प्रसिद्ध नसलेले असे किती तरी पणजोबा आपल्या घरांच्या भिंतींवर आहेत, ज्यांनी या विश्वासासाठी जमीन, वाटणी आणि भाऊबंद गमावले. आजी तुमच्याशी वाद घालते तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे बहुतेक वेळा ती किंमत असते. तिला उत्क्रांतीचा सिद्धांत समजावून सांगणे हे तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

याच कारणाने आणखी एक पथ्य पाळावे. कार्यालयात किंवा कॉलेजात कोणी इतर धर्मीय मित्र ‘तुम्हां लोकांत पैसे देऊन बाटवतात ना?’ असे हसत विचारतो आणि तुमच्याकडून, तुम्ही अश्रद्ध आहात म्हणून, दुजोऱ्याची अपेक्षा करतो. तो देऊ नये. आपला मतभेद देवाच्या अस्तित्वाशी आहे, आपल्या मावशीच्या प्रामाणिकपणाशी नाही, हे तेथल्या तेथे सांगावे. मंडळीत ही बातमी पोचते, आणि वर्षानुवर्षांच्या युक्तिवादाने न मिळणारा भरवसा तिने मिळतो. उलट दिशेनेही सावध असावे: ‘आता विश्वास नाही ना, मग मूळ धर्मात या’ असे आमंत्रण घेऊन येणाऱ्यांना एका देवाच्या जागी दुसरा देव नको आहे, असे नम्रपणे कळवावे.

बोलण्याआधी तपासायच्या गोष्टी

नेमके काय पटत नाही, हे कागदावर लिहून काढावे. देव आहे हेच पटत नाही, की देव असेल पण पुनरुत्थान पटत नाही, की पाळकांचे (चर्चच्या धर्मगुरूंचे) वागणे, चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीची निवडणूक आणि मिशनच्या जमिनींचे वाद पाहून मन विटले आहे? तिसऱ्या कारणाने चर्चपासून दूर गेलेली माणसे पुष्कळ आहेत आणि त्यांचे दुखणे खरे आहे, पण ते नास्तिक नाहीत. कमिटीवरचा राग देवाच्या नावावर खपवला तर दोन्ही वाद हरले जातात: कमिटीवाले तुम्हाला अविश्वासी म्हणून बाजूला सारतात, आणि घरचे म्हणतात की हा रागाच्या भरात बोलतो आहे, उद्या निवळेल.

दुसरी तपासणी रोकडी आहे. राहते घर कोणाच्या नावावर आहे? मिशन कंपाउंडमधील बंगल्यांत आणि चाळींत राहणाऱ्या अनेक कुटुंबांचा निवारा चर्चशी संबंधित ट्रस्टच्या हाती असतो. नोकरी मिशनच्या शाळेत किंवा दवाखान्यात आहे काय? शिक्षणाचा खर्च कोण करते? या तिन्हींपैकी एकाचेही उत्तर अडचणीचे असेल तर घोषणा लांबणीवर टाकण्यात कोणताही भ्याडपणा नाही. स्वतःच्या पायावर उभे राहीपर्यंत गप्प राहणे आणि खोटी कबुली देणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली करावी, दुसरी शक्य तितकी टाळावी. विशेषतः बारावीत किंवा पदवीच्या वर्षात असलेल्या मुला-मुलींनी, आणि ज्या मुलींच्या लग्नाची बोलणी घरात सुरू आहेत त्यांनी, आपला निर्णय प्रथम अशा एका मोठ्या माणसाला सांगावा जो वेळ पडल्यास आठवडाभर आपल्या घरी ठेवून घेईल. बहुधा एखादा मामा किंवा आत्या असे निघतेच.

घरात सांगताना

नाताळचा आठवडा, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), घरातील आजारपण आणि कोणाच्याही मृत्यूनंतरचे दिवस टाळावेत. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावर तर हे कदापि लिहू नये, कारण तेथे लिहिलेले वाक्य रात्रीपर्यंत मनमाडच्या काकांकडे आणि सकाळपर्यंत पाळकसाहेबांकडे पोचते. एका वेळी एकाच माणसाला, समोरासमोर, थोडक्यात सांगावे. ‘आई, मी बराच विचार केला आहे. देव आहे असे मला आता वाटत नाही. तुझ्याबरोबर चर्चला यायला माझी हरकत नाही, पण प्रभुभोजन मी घेणार नाही,’ एवढे पुरे होते. (प्रभुभोजन म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी.) पहिल्या बैठकीत कारणांची यादी देऊ नये. कारणे दिली की आई प्रत्येकाचे खंडन करू पाहते आणि मूळ गोष्ट बाजूला पडते.

तिचा पहिला प्रश्न बहुधा धर्मशास्त्राचा नसतोच. ‘लोक काय म्हणतील’, ‘तुझे लग्न कसे होणार’ आणि ‘माझ्या मातीला तू येशील ना’ हे तीन प्रश्न येतात, बहुतेक वेळा याच क्रमाने. तिसऱ्याचे उत्तर विनाविलंब आणि निःसंदिग्ध ‘होय’ असावे. वडील सहसा काही न बोलता उठून जातात आणि दोन दिवसांनी पाळकांना बोलावतात.

पाळक किंवा फादर घरी आले की त्यांना प्रतिवादी समजू नये. ते बोलावल्यावरून आले आहेत, चहा घेऊन ते एक शास्त्रपाठ वाचतील आणि तुमच्यासाठी प्रार्थना करतील. प्रार्थना चालू असताना शांत बसावे. डोळे मिटणे हा शिष्टाचाराचा भाग मानून मिटले तरी बिघडत नाही, पण शेवटी ‘आमेन’ म्हणण्याची सक्ती स्वतःवर करू नये. दिवाणखान्यातील हे बोलणे कबुलीजबाबाच्या संस्काराइतके (फादरजवळ पापे कबूल करण्याच्या विधीइतके) गुप्त नसते, हे कॅथलिक घरांतील तरुणांनी ध्यानात ठेवावे आणि जे मंडळीत पसरलेले चालणार नाही ते तेथे बोलू नये. ‘मी चर्चला येत राहीन, पण मला शिकवणी वर्गाला किंवा व्यासपीठावर बोलावू नये,’ ही एकच विनंती त्यांच्याकडे करावी. अनुभवी पाळक ती मान्य करतात, कारण मंडळीत अशी आणखी किती माणसे आहेत हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

रविवारी बाकावर

उपासनेत उभे राहणे, बसणे, गीतपुस्तक शेजाऱ्याला उघडून देणे हे सगळे सोबतीचे शिष्टाचार आहेत. गाण्याबाबत माझे मत काहींना आवडणार नाही, पण मी ते मोकळेपणाने मांडतो: गावे. टिळकांची भजने तबला-पेटीवर म्हणताना जो आनंद होतो त्यासाठी विश्वासाचा दाखला लागत नाही, जसा वारकऱ्यांचा अभंग ऐकताना आपल्याला लागला नव्हता.

उपासनेत सर्वांनी मिळून म्हणायचा प्रेषितांचा विश्वासांगीकार मात्र ‘मी विश्वास ठेवतो’ या प्रथमपुरुषी प्रतिज्ञेने सुरू होतो. येथे उभे राहावे आणि ओठ मिटलेले ठेवावेत. पहिले काही रविवार शेजारच्या बाकावरून नजर येते, मग ती येईनाशी होते. प्रभुभोजनाच्या वेळी बाकावरच बसून राहावे आणि रांगेला वाट करून द्यावी. एखाद्या वडीलधाऱ्याने विचारलेच तर करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पौलाने अयोग्य प्रकारे भाकर खाण्याबद्दल दिलेला इशारा आठवून द्यावा. आपले न जाणे हा त्या मेजाचा मान राखणे आहे, हे भाविक माणसाला त्याच्याच शास्त्रातून लवकर समजते. अर्पणाची थैली आली की ऐपतीप्रमाणे टाकावे, कारण आपण ज्या पंख्याखाली बसलो आहोत त्याचे वीजबिल कोणीतरी भरतच असते.

जबाबदाऱ्यांच्या बाबतीतही तोच भेद लावावा. शब्बाथ शाळेत शिकवणे, शास्त्रपाठ वाचणे आणि कोणाच्या बाळाचे धर्मपिता किंवा धर्ममाता होणे नाकारावे. शेवटचे नाकारणे सर्वांत जड जाते, कारण सख्खी बहीण प्रेमाने विचारते. परंतु तेथे मुलाला विश्वासात वाढवण्याचे वचन मोठ्याने द्यावे लागते, आणि कॅथलिक चर्चचा नियम तर धर्मपालक सोळा वर्षांवरील, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा विश्वास पक्का करण्याचा विधी) झालेला आणि विश्वासाला साजेसे जीवन जगणारा असावा असे स्पष्ट म्हणतो. बहिणीला सांगावे की शाळेची फी आणि दवाखान्याची धावपळ माझ्याकडे, हे वचन दुसऱ्याला देऊ दे. याउलट हंगामाच्या (पिकाबद्दल आभार मानण्याच्या) सणाच्या लिलावात भाज्यांच्या टोपल्या उचलणे, नाताळात खुर्च्या लावणे, रक्तदान शिबिराची यादी करणे आणि जमाखर्चाच्या वह्या तपासणे ही कामे आपण होऊन मागून घ्यावीत. जमाखर्च तर अवश्य. ज्याला स्वर्गातील फळाची अपेक्षा नाही असा तपासनीस कमिटीला क्वचितच मिळतो.

लग्न

येथे सर्वांत अधिक घरे फुटतात, म्हणून सविस्तर लिहितो. चर्चमधील विवाहात वचने पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने दिली जातात, म्हणजे विश्वासांगीकारावर मौन पाळणाऱ्याला येथे मौनाची सोय नाही. १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा वधू-वरांपैकी किमान एक जण ख्रिस्ती असणे आवश्यक मानतो आणि ‘ख्रिस्ती’ म्हणजे ख्रिस्ती धर्म मानणारी व्यक्ती असे सांगतो. जोडीदार श्रद्धावान असेल आणि तिला किंवा त्याला चर्चमध्येच लग्न हवे असेल, तर पाळकांना आधी खरे सांगावे. कॅथलिक चर्चमध्ये विश्वास उघडपणे सोडलेल्या व्यक्तीच्या विवाहासाठी बिशपांची परवानगी लागते, आणि ती मिळवण्यास वेळ लागतो. सभागृहाचे आगाऊ पैसे भरल्यानंतर हा विषय काढू नये.

दोघांनाही धार्मिक विधी नको असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. दोघांपैकी एकाने ज्या जिल्ह्यात किमान तीस दिवस वास्तव्य केले आहे तेथील विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, ती तीस दिवस प्रसिद्ध राहते, आणि वैध आक्षेप न आल्यास नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसमक्ष विवाह होतो. नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते, त्यामुळे ती लागण्यापूर्वी घरी सांगितलेले बरे. फलकावरून कळलेले लग्न आई-वडील वर्षानुवर्षे विसरत नाहीत. वारसाहक्काच्या काळजीने अनेक वडीलधारे या विवाहाला विरोध करतात. ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू असतो आणि दोन ख्रिस्ती घरांतील व्यक्तींनी विशेष कायद्याखाली लग्न केले तरी तोच लागू राहतो, एवढे वकिलाकडून त्यांच्यासमोर वदवून घेतले की निम्मा विरोध मावळतो. उरलेल्या निम्म्यासाठी नोंदणीनंतर एक जेवण ठेवावे आणि जेवणाआधी आजोबांना प्रार्थना करू द्यावी.

मुलांच्या बाप्तिस्म्याविषयी जोडीदाराशी लग्नाआधीच बोलावे, पाळणा हलल्यावर नव्हे. कॅथलिक व्यक्तीला मिश्र विवाहाच्या (कॅथलिक नसलेल्या व्यक्तीशी विवाहाच्या) परवानगीसाठी मुलांचा बाप्तिस्मा करण्याचा शक्य तितका प्रयत्न करीन असे वचन द्यावे लागते, आणि ते दिले जात असल्याचे दुसऱ्या जोडीदाराला सांगितले जाते. ते ऐकून मान डोलावली असेल तर पुढे तक्रारीला जागा राहत नाही. मिशनच्या शाळेत घातलेल्या मुलाला धर्मशिक्षणाच्या तासाला बसवायचे की नाही, हा अधिकार राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदाने पालकांच्या संमतीवर सोपवला आहे. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेला ही संमती नसल्याचे लेखी कळवता येते.

कागदपत्रे आणि कायदा

मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये, कोणत्याही नागरिकाला आपला धर्म जाहीर करण्याची सक्ती करता येत नाही आणि ‘आपला कोणताच धर्म नाही’ असे म्हणण्याचा त्याला हक्क आहे, असा निर्णय दिला. त्या खटल्यातील अर्जदार येशूला मानणारे होते, पण कोणताही संघटित धर्म मानत नव्हते, हे विशेष. त्याआधीच्या वर्षी त्याच न्यायालयाने नाशिकमधील एका शिक्षकाला न्याय दिला होता. शाळेच्या प्रार्थनेत हात न जोडल्यामुळे त्याचे आर्थिक लाभ अडवण्यात आले होते. आपल्याच जिल्ह्यातील येवल्यात १९३५ साली डॉ. आंबेडकरांनी जन्माचा धर्म सोडण्याची घोषणा केली, तेव्हा धर्म सोडण्याचा प्रश्न नाशिकला नवीन नाही.

तरीही राजपत्रात धर्म बदलून घेण्याची घाई करू नये. अल्पसंख्याक दर्जावर मिळणारे प्रवेश आणि शिष्यवृत्त्या त्या नोंदीशी जोडलेल्या असतात, आणि एकदा कागद बदलला की ते परत मागणे अप्रामाणिकपणाचे ठरते. बाप्तिस्म्याच्या वहीतील नोंद खोडून मागण्यात तर काहीच हशील नाही: ती घडलेल्या विधीची नोंद आहे, आणि कॅथलिक कायद्यात औपचारिकपणे चर्च सोडण्याची जी तरतूद विवाहाच्या संदर्भात होती तीही २००९ मध्ये काढून टाकण्यात आली.

बोलणे टाकणे, कार्याला न बोलावणे, ‘मागे फिरलेला’ म्हणून कुजबुजणे हे सहन करावे. काळ त्यावर औषध आहे. परंतु कोणी बैठक घेऊन तुमच्या कुटुंबाशी व्यवहार करू नये असे फर्मान काढले, किंवा दफनभूमीची वाट अडवली, तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा लागू पडतो. तो जुलै २०१७ पासून अमलात आहे, केवळ जातपंचायतींपुरता नसून एका धर्माच्या समुदायालाही लागू होतो, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. तक्रार देण्याआधी पाळकांना त्या कायद्याची प्रत दाखवावी, बहुतेक प्रकरणे तेथेच मिटतात.

मृत्यूची व्यवस्था

आई-वडिलांच्या दफनविधीत अश्रद्ध मुलाने पूर्ण भाग घ्यावा, शवपेटीला खांदा द्यावा, माती द्यावी, स्मरणार्थ उपासनेचा खर्च उचलावा, आणि आभारप्रदर्शनात आपल्या मतांचा उल्लेखही करू नये. तो दिवस त्यांचा असतो.

स्वतःच्या मृत्यूची इच्छा मात्र लेखी ठेवावी, कारण ती नसेल तर शोकात बुडालेली पत्नी आणि घाईत असलेले भाऊ जे नेहमीचे तेच करतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. देहदान करायचे असल्यास वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाचा अर्ज भरावा. त्या वेळी देह सोपवणारे नातेवाईकच असतात, म्हणून अर्जावरील साक्षीदार घरातीलच निवडावेत. दहन हवे असेल तर कॅथलिक नातेवाइकांना सांगावे की त्यांच्या चर्चने १९६३ पासून त्याला मुभा दिली आहे. रक्षा विखुरण्यास मात्र ते चर्च मान्यता देत नाही. कुटुंबाच्या कबरीतच पुरले जावे असे वाटत असेल तर त्या दफनभूमीचे नियम हयातीतच विचारून घ्यावेत, आणि पाळकांनी प्रार्थना म्हटलेली चालेल की नाही हेही त्याच कागदावर लिहावे. माझ्या मते ‘चालेल’ असे लिहावे, कारण तेव्हा ऐकणारे आपण नसतो. मालमत्तेचे मृत्युपत्र वेगळे करावे, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात, आणि दफन किंवा देहदानाची इच्छा त्यात दडवू नये, कारण मृत्युपत्र सहसा माती झाल्यानंतर उघडले जाते. ती एका स्वतंत्र कागदावर लिहून एक प्रत जोडीदाराकडे आणि एक धाकट्या भावाकडे द्यावी.